परीक्षक नसलेला वाचक



मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ ची. त्याच्या सात वर्षे आधी, एप्रिल १८५० मध्ये, मुंबईत ‘मराठी ज्ञानप्रसारक’ नावाचे मासिक निघू लागले होते. ते काढणारी मंडळी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमधली होती. काही जण तिथे शिकत होते, काही शिकून नुकतेच शिकवू लागले होते. म्हणजे या प्रांतात विद्यापीठ उभे राहण्याआधीच विद्यार्थ्यांच्या सभेतून ज्ञानाला वाहिलेले मासिक जन्माला आले होते. आपल्या शिक्षणाच्या इतिहासात या क्रमाकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. पदवी मिळवून देणारी यंत्रणा नव्हती, संशोधनपत्रिकांच्या याद्या नव्हत्या, लेख छापला म्हणून कोणाला बढती मिळत नव्हती. तरी तरुण मुले लिहीत होती आणि ते छापून लोकांच्या हाती देत होती.

याची सुरुवात १८४८ ची. एल्फिन्स्टनमधल्या तरुणांनी ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ स्थापन केली. तिथलेच प्रा. पॅटन पाठीशी होते. दादाभाई नौरोजी, भाऊ दाजी यांच्यासारखी पुढे मोठी झालेली माणसे तेव्हा तरुण वयात या मंडळात वावरत होती. वर्गात इंग्रजीतून मिळणारे ज्ञान घरच्या माणसांपर्यंत न्यायचे तर ते त्यांच्या भाषेत न्यावे लागेल, हे या मुलांना फार लवकर उमगले. सोसायटीच्या गुजराती आणि मराठी शाखा निघाल्या. मराठी शाखा म्हणजे उपयुक्त ज्ञानप्रसारक सभा. तिचे अध्यक्ष दादोबा पांडुरंग तर्खडकर. या सभेत निबंध वाचले जात आणि मासिकातून ते बाहेरच्या वाचकापर्यंत जात. बाळशास्त्री जांभेकरांनी १८४० मध्येच ‘दिग्दर्शन’ मासिक काढून मराठीत शास्त्रीय लेखनाची वाट पाडली होती, त्या वाटेवरून आता त्यांच्या पुढची पिढी चालू लागली. १८४९ मध्ये याच सोसायटीच्या सभासदांनी मुंबईत मुलींच्या शाळा उघडल्या आणि तिथे सुरुवातीला विनावेतन शिकवले. शाळा आणि मासिक, दोन्ही कामांना माणसे तीच. ‘मराठी ज्ञानप्रसारक’ १८६७ पर्यंत चालले. विद्यार्थ्यांच्या पुढाकारातून निघालेल्या उपक्रमाला सतरा वर्षे हे आजच्या मानानेही मोठे आयुष्य आहे.

या मासिकाचा वाचक एल्फिन्स्टनच्या वर्गात कधी बसला नव्हता. तो पेठेतला व्यापारी असेल, कचेरीतला कारकून असेल, मुलांना मोडी शिकवणारा पंतोजी असेल. त्याला ग्रहण कसे लागते हे सांगायचे तर लिहिणाऱ्याला आधी ते स्वतःला नीट समजलेले असावे लागे. आजचा प्रश्न इथेच आहे. विद्यार्थी आयुष्यभर लिहितो ते परीक्षकासाठी. परीक्षकाला उत्तर आधीच ठाऊक असते. विद्यार्थ्याने अर्धे वाक्य लिहिले तरी उरलेले अर्धे तो मनातल्या मनात भरून घेतो आणि गुण देतो. वाचकाला उत्तर ठाऊक नसते. म्हणूनच तो वाचत असतो. जिथे लिहिणारा अडखळला तिथे वाचक थांबतो, आणि काय समजले नाही तेही सांगतो. पंधरा-सतरा वर्षे विज्ञान शिकून, एकदाही अशा वाचकासाठी न लिहिता मुले पदवीधर होतात. विद्यार्थ्यांनी स्वतः चालवलेले विज्ञान-नियतकालिक हवे ते एवढ्यासाठी. ज्याला उत्तर ठाऊक नाही अशा माणसासमोर विद्यार्थ्याला उभे करायचे, हे काम विद्यापीठात दुसरे कोणतेही ठिकाण करत नाही.

हे शिरूर तालुक्यातल्या पाबळमध्ये बोलायचे कारण आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातून अन्नतंत्रज्ञानात पीएच.डी. केली होती आणि हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रात ते वरिष्ठ पदावर होते. ती नोकरी मुदतीआधी सोडून १९८३ मध्ये ते इथल्या खडकाळ माळावर आले आणि इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशनचे केंद्र म्हणून विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेत न रमलेली, परीक्षेत अडकलेली मुले त्यांनी हाताशी धरली. वेल्डिंग, गवंडीकाम, वीज, शेती, कोंबडीपालन, माती-पाण्याची तपासणी या कामांतून ही मुले विज्ञान शिकली. जुन्या जीपच्या भागांपासून लहान ट्रॅक्टर तयार झाला, त्याला ‘मेकबुल’ म्हणतात. त्रिकोणी सांगाड्याचा घुमट तयार झाला, तो ‘पाबळ डोम’ म्हणून ओळखला जातो. २००२ मध्ये एमआयटीच्या नील गर्शेनफेल्ड यांच्या प्रयत्नातून इथे फॅब लॅब, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या यंत्रांची छोटी कार्यशाळा, आली. एमआयटीबाहेरच्या अगदी पहिल्या फॅब लॅबपैकी ती एक. २००३ मध्ये कलबाग गेले. काम चालू आहे, आणि ते काम या व्याख्यानाच्या विषयाच्या अगदी जवळचे आहे, ते कसे हे पुढे येईलच.

आधी थोडे दूर जाऊ. केंब्रिज विद्यापीठात गणिताच्या विद्यार्थ्यांचे ‘आर्किमिडियन्स’ नावाचे मंडळ आहे. त्यांनी १९३९ मध्ये ‘युरेका’ हे नियतकालिक सुरू केले; संपादक विद्यार्थीच असतात. १९४४ च्या अंकात फ्रीमन डायसन या विशीतल्या तरुणाचा एक छोटा लेख आला. विषय आपल्या रामानुजनांचा होता. एखादी पूर्ण संख्या किती प्रकारे बेरजेत मांडता येते, हा तो प्रश्न. ४ घ्या. ४, ३+१, २+२, २+१+१, १+१+१+१. झाले पाच प्रकार. ९ चे तीस प्रकार होतात, १४ चे १३५, १९ चे ४९०. ज्या संख्येच्या शेवटी ४ किंवा ९ आहे तिच्या प्रकारांची संख्या पाचाने भागली जाते, हे रामानुजनांनी शोधून सिद्ध केले होते. ७ आणि ११ या संख्यांबाबतही त्यांना असेच नियम सापडले होते.

डायसनने विचारले: पाचाने भाग जातो हे खरे, पण मग त्या प्रकारांचे पाच सारखे ढीग करून दाखवता येतील का? त्याने एक साधी युक्ती सुचवली. प्रत्येक मांडणीतली सर्वांत मोठी संख्या घ्या, त्यातून मांडणीत किती संख्या आहेत ते वजा करा. ४ च्या पाच मांडण्यांची उत्तरे येतात ३, १, ०, उणे १ आणि उणे ३. त्यांना पाचाने भागून बाकी काढली तर ३, १, ०, ४, २. पाच मांडण्या, पाच वेगवेगळ्या बाक्या. इथल्या आठवीच्या मुलालाही कागदावर करून पाहता येईल, आणि त्याने ९ च्या तीस मांडण्या घेऊन जरूर करून पाहावे. प्रत्येक ढिगात सहा येतील. डायसनचा अंदाज असा की हे ५ आणि ७ दोन्हींच्या बाबतीत नेहमी जुळते. ११ साठी मात्र ही युक्ती फसते. तेव्हा त्याने लिहिले की ११ साठी दुसरी कोणती तरी मोजणी असलीच पाहिजे, आणि सापडण्याआधीच तिला ‘क्रँक’ असे नावही देऊन टाकले.

लेखात सिद्धता नव्हती. अंदाज होते, आणि ते अंदाज आहेत हे शीर्षकातच सांगितले होते. पहिला अंदाज ॲटकिन आणि स्विनर्टन-डायर यांनी १९५४ मध्ये सिद्ध केला. ‘क्रँक’ सापडायला १९८७ साल उजाडले. जॉर्ज अँड्र्यूज आणि फ्रँक गार्व्हन यांना ती मोजणी इलिनॉय विद्यापीठात रामानुजन जन्मशताब्दीच्या परिषदेच्या वेळी सापडली. हेच कलबागांचे विद्यापीठ. विद्यार्थ्यांच्या मासिकातल्या काही पानांनी गणितज्ञांना त्रेचाळीस वर्षे काम पुरवले. सिद्धता नसलेला लेख प्रौढांच्या पत्रिकेने बहुधा साभार परत केला असता, आणि त्यांच्या दृष्टीने ते योग्यही ठरले असते. विद्यार्थ्यांच्या मासिकाला ते बंधन नव्हते. नीट मांडलेला प्रश्न छापायला तिथे जागा होती. याच ‘युरेका’त १९७८ मध्ये रॉजर पेनरोज यांनी आपल्या प्रसिद्ध फरश्यांविषयी लिहिले. तोवर ते नामांकित प्राध्यापक झाले होते, तरी विद्यार्थ्यांच्या अंकात लिहिण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही.

आणि रामानुजन? पदवी हाती नसलेल्या या तरुणाचा पहिला शोधनिबंध १९११ मध्ये इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या नियतकालिकात आला. ही सोसायटी १९०७ मध्ये गणिताची आवड असलेल्या थोड्या लोकांनी स्थापन केली होती आणि तिचे ग्रंथालय पुण्यात फर्ग्युसन कॉलेजात होते. त्या नियतकालिकात वाचकांसाठी प्रश्न घालण्याचे सदर होते आणि रामानुजन तिथे प्रश्न घालत असत. ते मासिक विद्यार्थ्यांचे नव्हते, पण पदवी न विचारता लेख पाहण्याची रीत त्यात होती, आणि विद्यार्थी-नियतकालिकाने उचलावी ती हीच रीत.

आपल्याकडे अशी परंपरा अगदीच नाही असे नाही. माटुंग्याच्या यूडीसीटीत, म्हणजे आजच्या इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजीत, विद्यार्थ्यांची टेक्नॉलॉजिकल असोसिएशन १९५१ पासून ‘बॉम्बे टेक्नॉलॉजिस्ट’ काढत आली आहे. विद्यार्थी दर काही वर्षांनी बदलतात, तरी नियतकालिक टिकले, कारण ते एका उत्साही मुलाच्या जिवावर उभे नव्हते. दर वर्षी नवी मुले येऊन कारभार हाती घेतील अशी असोसिएशन त्यामागे होती. जिथे एखाद-दुसऱ्या हौशी संपादकावर सारे अवलंबून असते तिथे संपादक पास झाला की अंक बंद पडतो. महाराष्ट्रातल्या कित्येक महाविद्यालयांच्या भित्तिपत्रकांचा आणि वार्षिकांचा हाच अनुभव आहे.

पण ‘बॉम्बे टेक्नॉलॉजिस्ट’ इंग्रजीत आहे आणि त्याचा वाचक रसायन-तंत्रज्ञानातलाच आहे. मराठीत १९२८ पासूनचे ‘सृष्टिज्ञान’ आहे, १९६६ मध्ये स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेची पत्रिका आहे, पुण्याचे ‘शैक्षणिक संदर्भ’ आहे. ही नियतकालिके मोलाची आहेत आणि थोरांनी निष्ठेने चालवलेली आहेत. १८५० साली जे जमले ते, म्हणजे विद्यापीठातल्या मुलांनी मराठीत, वर्गाबाहेरच्या वाचकासाठी, स्वतःच्या संपादनाखाली विज्ञान लिहिणे, ती जागा मात्र भरायची आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक या जिल्ह्यांतली महाविद्यालये जोडलेली आहेत. शिरूर, मंचर, राजगुरुनगर, दौंड इथल्या महाविद्यालयांत विज्ञान शिकणारी मुले मोठ्या प्रमाणावर शेतकऱ्यांच्या घरातून येतात. घरी बाप बोअर घेतो आहे, आई दूध डेअरीवर घालते आहे, आणि मुलगी एम.एस्सी.ला भूजल नाही तर सूक्ष्मजीवशास्त्र शिकते आहे. तिने केलेला प्रकल्प मात्र काळ्या रेक्झिनमध्ये बांधून, सोनेरी अक्षरांत नाव घालून विभागाच्या कपाटात जातो. तो वाचणारे दोन परीक्षक. घरी तो कोणी पाहत नाही, कारण तो घरच्या भाषेत नाही.

याच्या उलट टोकाला एक वाईट प्रकार बोकाळला आणि त्याबद्दल स्पष्ट बोलले पाहिजे. पैसे भरा आणि निबंध छापून घ्या, अशा पत्रिकांचा सुळसुळाट झाला. २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये डॉ. भूषण पटवर्धन आणि त्यांच्या पुण्यातल्या सहकाऱ्यांनी एक पाहणी प्रसिद्ध केली. विद्यापीठांच्या शिफारशीवरून विद्यापीठ अनुदान आयोगाच्या यादीत गेलेल्या ज्या पत्रिका त्यांनी तपासल्या, त्यांतल्या ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट असाव्यात, असा निष्कर्ष त्यात होता. त्याच वर्षी आयोगाने चार हजारांहून अधिक पत्रिका यादीतून काढल्या. अशा पत्रिकेत लेखकाचे नाव छापले जाते आणि वाचक कोणीच नसतो. विशी-बाविशीतल्या मुलामुलींना पहिल्यांदा छापून येण्याचा अनुभव अशा ठिकाणी मिळाला तर ती काय शिकतील? छापणे म्हणजे नोंद लावून घेणे, एवढेच. विद्यार्थ्यांच्या मासिकात लेख आला म्हणून गुण मिळू नयेत, बढती मिळू नये. त्यात छापण्याचे एकच कारण उरते, ते म्हणजे कोणाला तरी काही सांगायचे आहे.

आता पाबळकडे परत.

हा भाग अवर्षणाचा. खाली काळा पाषाण, वर मुरूम, मधे कुठे मांजऱ्या खडक. पाणी असते ते मुरमात, भेगांत आणि सछिद्र थरांत. विहीर किंवा बोअर कुठे घ्यायची हा शेतकऱ्यापुढचा सगळ्यांत महागडा प्रश्न. पाणाड्या नारळ तळहातावर धरून किंवा उंबराची काटकी घेऊन जागा दाखवतो. विज्ञान आश्रमाने या कामासाठी इथल्या मुलांना रोधमापक वापरायला शिकवला, आणि हे उपकरण इथे तयारही केले. तत्त्व समजायला सोपे आहे. चार सळया एका ओळीत सारख्या अंतरावर जमिनीत ठोकायच्या. बाहेरच्या दोन सळयांतून वीज सोडायची आणि आतल्या दोन सळयांमधला विजेचा दाब मोजायचा. सळयांमधले अंतर वाढवत नेले की वीज अधिक खोलातून जाते आणि माप अधिक खोलीचे मिळते. कोरडा, अखंड पाषाण विजेला जोरात अडवतो. ओला, झिजलेला खडक कमी अडवतो. आकडे आलेखावर मांडले की कुठल्या खोलीवर थर बदलतो याचा अंदाज येतो. ज्या मुलाला दहावीत ओहमचा नियम पाठ होत नव्हता तो मुलगा शेतात उभा राहून त्याच नियमाने पाण्याची जागा सांगतो.

पण विज्ञानाचा खरा कस यापुढे लागतो. रोध कमी आला म्हणजे पाणी आहेच असे नाही; चिकणमातीही कमी रोध दाखवते. त्यामुळे काही बोअर कोरड्या जाणारच. पाणाड्याची लागलेली बोअर गावाला वर्षानुवर्षे आठवते, न लागलेली विसरली जाते. मोजमाप करणाऱ्याच्या बाबतीतही तेच झाले, तर त्याच्यात आणि पाणाड्यात फरक कोणता? फरक पडतो तो नोंदीने. गटाचा भाग कोणता, सळयांचे अंतर किती, रोध किती, अंदाज काय सांगितला, बोअर किती फूट गेली, कोणत्या फुटाला कोणता थर लागला, पाणी किती इंच आणि किती महिने टिकले. हे लागलेल्या आणि कोरड्या गेलेल्या, दोन्ही बोअरचे लिहून छापले पाहिजे. शेतकऱ्याने लाखभर रुपये घालून पाषाणाला पाडलेले भोक म्हणजे भूगर्भाची एक खरी नोंद असते. बोअरच्या गाडीवाल्याने थराथराचा चुरा बाहेर काढून ठेवलेला असतो. दुसऱ्या दिवशी तो चुरा बांधावर पसरला की ती नोंद कायमची गेली. शिरूर तालुक्यात अशी किती माहिती वाया गेली असेल याचा विचार केला तर जीव हळहळतो. ती गोळा करायला प्रयोगशाळा लागत नाही. वही, टेप, प्लास्टिकच्या पिशव्या आणि नोंद छापणारे मासिक लागते.

विद्यापीठातल्या मुलांना पाबळ लागते ते इथे, आणि पाबळच्या मुलांना विद्यापीठ लागते तेही इथेच. आश्रमातला मुलगा सळया ठोकून माप घेईल. आलेखावरून थर ओळखण्याचे गणित भूशास्त्राच्या विद्यार्थिनीला येते. तिला लेख लिहिता येईल; पण मुरूम कुठे संपतो हे चुऱ्याच्या रंगावरून त्याला कळते. दोघांची नावे एका लेखावर आली पाहिजेत, आणि आश्रमातल्या मुलाचे नाव आभारांच्या यादीत ढकलले जाऊ नये. फॅब लॅबच्या शिक्षणात अशी शिस्त आधीपासून आहे: आठवड्यात काय केले, काय बिघडले, ते कसे दुरुस्त केले, हे दुसऱ्याला करता यावे इतके स्पष्ट लिहून जाहीर करायचे. वस्तू तयार झाली एवढ्याने काम पुरे होत नाही.

विद्यापीठ आणि खेडे यांचा असा मेळ याआधी बसलेला आहे. मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ मध्ये सोळा शाळांपासून विज्ञान शिक्षणाचा एक कार्यक्रम सुरू झाला आणि तो २००२ पर्यंत चालला. दिल्ली विद्यापीठातली मंडळी तिथे येऊन काम करत. मुले ‘सवालीराम’ या नावाने पत्रे लिहून प्रश्न विचारत आणि त्यांना उत्तरे जात. खेड्यातल्या मुलाचा प्रश्न प्राध्यापकाला विचारात पाडू शकतो हे तिथे अनेकदा दिसले.

आता आक्षेप. पहिला असा की मुले चुका करतील. करतीलच, आणि त्या छापूनही येतील. म्हणून प्रत्येक अंकात दुरुस्तीचे पान हवे, मागच्या अंकातली चूक कोणी दाखवली त्याचे नाव घालून. प्रौढांच्या पत्रिकांतही चुका असतात, फक्त त्या उशिरा कळतात. दुसरा आक्षेप: शिक्षकांनी प्रत्येक लेख तपासून मंजूर करावा. याला ठाम नकार दिला पाहिजे. शिक्षक सल्लागार असावा, संपादकाने विचारले तर मत द्यावे. लेख घ्यायचा की नाही हे विद्यार्थी-संपादकाने ठरवावे. ‘हा आकडा कुठून आणलास?’ हे आपल्याच वर्गमित्राला विचारणे संपादनातले सर्वांत अवघड काम आहे, आणि शिक्षकाच्या आड लपून ते शिकता येत नाही. कीटकनाशकांची मात्रा, औषधे, वीज यांसारख्या, वाचकाच्या जिवाशी येणाऱ्या लेखांपुरता मात्र जाणकाराचा होकार सक्तीचा असावा. तिसरा आक्षेप पैशांचा. बत्तीस पानी, एकरंगी, तिमाही अंकाचा खर्च महाविद्यालयांच्या स्नेहसंमेलनांवर होणाऱ्या खर्चापुढे फार नाही.

भाषेचा आक्षेपही येतो: मराठीत लिहिले तर जगाला कसे कळणार? जगासाठी इंग्रजीत सारांश द्यावा. पण शिरूरच्या बोअरचा लेख आधी शिरूरला कळला पाहिजे. तिथला वाचक तो तपासू शकतो. आपल्या शेजारच्या गटात काय निघाले हे त्याने डोळ्यांनी पाहिलेले असते. अशा वाचकाइतका कडक परीक्षक कुठल्याही विद्यापीठाकडे नाही, आणि तो गुण देत नाही.

काम कुठून सुरू करायचे तेही सांगितले पाहिजे. नव्या शैक्षणिक धोरणानंतर पदवीच्या अभ्यासक्रमात फील्ड प्रोजेक्ट आला आहे, त्यामुळे मुलांना शेतावर जायला वेळ आणि कारण दोन्ही आहे. संपादक मंडळात दर वर्षी प्रथम आणि द्वितीय वर्षाची मुले जोडीने असावीत, म्हणजे एकाने सोडले की दुसऱ्याच्या हाती काम राहील. निम्मे संपादक शहराबाहेरच्या महाविद्यालयांतले आणि आश्रमातले असावेत. पहिल्या अंकाला विषय एकच पुरे: पाबळ आणि भोवतालच्या गावांतल्या विहिरी. पाण्याची पातळी मे महिन्याच्या शेवटी, पावसाआधी मोजायची, आणि पुन्हा ऑक्टोबरमध्ये, पाऊस सरल्यावर. दोन्ही मापे त्याच दोरीने आणि विहिरीच्या काठावर रंगाने केलेल्या त्याच खुणेपासून घ्यायची. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये लेखन, जानेवारीत संपादन. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीवर या भागातल्या शाळा-महाविद्यालयांचे प्रदर्शन भरते आणि गावोगावचे लोक ते पाहायला येतात. अंक तिथे टेबलावर विकायला ठेवता येईल. दोन प्रती विद्यापीठाच्या जयकर ग्रंथालयात आणि एकेक प्रत विहीर मोजू देणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याच्या घरी पोचवायची, त्याच्या विहिरीचे आकडे ज्या पानावर आहेत ते पान दुमडून.